स्वतंत्र बँड आणि विजेचे सूर

आपल्याकडे बँड म्हटले की वरातीपुढे वाजणारा ताफा डोळ्यांपुढे येतो. येथे ज्या बँडांविषयी बोलावयाचे आहे ते निराळे. तीन-चार तरुण एकत्र येतात, स्वतःच गीते रचतात, चाली लावतात, गातात आणि वाजवितात. अशा मंडळीला पाश्चात्त्य देशांत बँड म्हणतात. त्यांतील काहींना ‘इंडी’ हे विशेषण लावतात. ‘इंडिपेंडंट’ म्हणजे स्वतंत्र, या शब्दाचे ते लघुरूप होय. हा गाण्याचाच एक प्रकार असावा असे पुष्कळांना वाटते, आणि आता तो तसा रूढही झाला आहे. परंतु मुळात प्रश्न होता तो गाणे काढावयाचे की नाही हे ठरविणार कोण, एवढाच.

पूर्वी इंग्लंडात ध्वनिमुद्रिका काढणे हे बहुतांशी मोठ्या कंपन्यांचे काम असे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने घरच्यांकडून व मित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले, चार गाणी मुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांच्या १००० तबकड्या स्वतःच काढल्या. त्या खपल्या आणि पुढे आणखी हजारो काढाव्या लागल्या. कंपनीच्या दाराशी न जाताही तबकडी निघू शकते, हे गावोगावच्या पोरांना कळले.

याच सुमारास सिंथेसायझर हे वाद्य सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागले. त्यात तार नाही, भाता नाही. विजेच्या प्रवाहाला ठरावीक वेगाने आंदोलने दिली की सूर उमटतो. त्यातील नको ते अंश चाळणीतून गाळावे तसे गाळले की आवाजाचा पोत बदलतो. १९७८ मध्ये लंडनच्या डॅनियल मिलर यांनी असे एक जुने वाद्य आणि ध्वनिफितीचे यंत्र घेऊन घरीच दोन गाणी मुद्रित केली व ‘म्यूट’ या स्वतःच्या नावपट्टीखाली ती प्रसिद्ध केली. तीन वर्षांनी बॅझिल्डन गावचा डेपेश मोड हा तरुणांचा बँड लेखी करार न करता त्यांना येऊन मिळाला आणि सिंथेसायझरवरची त्याची गाणी घरोघर पोचली. पुढे ‘द पोस्टल सर्व्हिस’ या अमेरिकन जोडीने तर टपालाचाच आधार घेतला. एकाने लॉस एंजेलिसहून यंत्रावरचे संगीत पाठवावे, दुसऱ्याने सिॲटलला त्यावर गाणे चढवावे. बँडचे नावही त्यावरूनच पडले.

यावर एक आक्षेप येतो: यंत्राने केलेले गाणे ते गाणे कसले? हा आक्षेप आपणांस नवा नाही. पेटी परकी, तिच्यातून मींड निघत नाही, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले आणि ते सुमारे तीस वर्षे बंद राहिले. परंतु गोविंदराव टेंबे यांच्या बोटांखाली तीच पेटी गात होती, हे मराठी रसिकांना ठाऊक होते. वाद्य कोणतेही असो, बोलतो तो वाजविणारा.

खरी अडचण निराळीच आहे. आज साधा संगणक असला की नवा बँड एका खोलीत बसून गाणे तयार करतो आणि त्याच दिवशी जगापुढे ठेवतो. दार उघडले, पण आत गर्दी अफाट झाली. स्पॉटिफाय या कंपनीने २०२४ पासून नियम केला की मागील बारा महिन्यांत किमान १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या मानधनाचा वाटा मिळावयाचा नाही. १९७७ साली एक हजार तबकड्यांनी एका बँडला उभे केले. आज ९९९ वेळा ऐकलेल्या गाण्याला त्या खात्यातून एक पैसाही मिळत नाही.

तात्पर्य, गाणे काढण्याचे स्वातंत्र्य यंत्राने दिले, पण त्यावर जगण्याचे स्वातंत्र्य यंत्र देऊ शकत नाही. ते श्रोताच देऊ शकतो. नव्या बँडचे गाणे आवडले तर त्याची तबकडी विकत घ्यावी, तिकीट काढून त्याच्या कार्यक्रमास जावे. वर्गणीवर ज्यांनी व्याख्यानमाला चालविल्या, त्यांना हे अधिक सांगावयास नको.