कॅमेरा सापळा
वन्य प्राण्याच्या हालचालीने आपोआप चालू होऊन त्याचे छायाचित्र घेणारे उपकरण. यात प्राणी पकडला जात नाही. त्याची प्रतिमा, दिनांक व वेळ एवढीच नोंद होते. निशाचर, विरळ व माणसाची चाहूल लागताच दडून बसणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात ते विशेष उपयुक्त ठरले आहे.

अमेरिकेतील जॉर्ज शायरस (तिसरे) यांनी तारेला प्राण्याचा धक्का लागताच चालू होणाऱ्या कॅमेऱ्याने रात्री घेतलेली छायाचित्रे नॅशनल जिऑग्राफिक मासिकात १९०६ मध्ये प्रसिद्ध झाली. वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चँपियन यांनी १९२० नंतर हीच युक्ती उत्तर भारतात वाघांसाठी वापरली. पुढे १९९० नंतर के. उल्लास कारंत यांनी नागरहोळे येथे पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून संख्या काढण्याची पद्धत रूढ केली. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी सापळे लावण्यात आले.

आधुनिक सापळ्यातील संवेदक अवरक्त (वर्णपटातील तांबड्या रंगाच्या पलीकडील अदृश्य) प्रारणातील बदल टिपतो. प्राण्याचे शरीर व भोवताल यांच्या तापमानांतील फरक कमी असला, तर त्याची संवेदनक्षमता घटते. उलट उन्हाने तापलेले गवत वाऱ्याने हलले, तरी तो फसतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी अभयारण्य (१९५८) प्रामुख्याने गव्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी त्याच्या दक्षिणेस भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांतून तिलारीकडे जाणारा वनपट्टा अभ्यासकाच्या दृष्टीने तितकाच मोलाचा आहे. तो सलग सरकारी नाही; राखीव वने, मालकीची राने, देवराया व शेते त्यात मिसळलेली आहेत. अशा वनात सापळा कोठे लावावा हे नकाशापेक्षा गावकऱ्यांकडून अधिक चांगले कळते. साळिंदराची वाट, उदमांजराची विष्ठा पडलेला खडक, खवल्या मांजराने उकरलेले वारूळ ही त्यांच्या नित्य पाहण्यातील असतात. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये सामूहिक वनहक्क मिळालेल्या वनात तर ग्रामसभेची संमती घेणे क्रमप्राप्तच आहे. बिबळ्यासाठी सापळा सामान्यतः गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. खांद्याशी जेमतेम ३० सेंमी. भरणाऱ्या पिसोरीसाठी तो आणखी खाली घ्यावा लागतो. मुसळधार पावसामुळे हे काम बहुधा हिवाळ्यात व उन्हाळ्यात केले जाते.

ज्यांच्या अंगावरील ठिपके प्रत्येकी वेगळे असतात अशा प्राण्यांची संख्या पुनर्नोंदीवरून काढता येते. पहिल्या फेरीत ६ व दुसरीत ५ बिबळे आढळले आणि त्यांपैकी ३ दोन्ही फेऱ्यांत समान असले, तर ६ × ५ ÷ ३ = १० हा ढोबळ अंदाज होय. खवल्या मांजर किंवा साळिंदर यांच्या व्यक्ती अशा ओळखता येत नाहीत. म्हणून तेथे संख्येऐवजी प्राण्याने व्यापलेले क्षेत्र ठरवितात. यात एक धोका आहे. विरळ प्राणी सापळ्यात एका रात्री दिसण्याची संभाव्यता ०·०५ धरली, तर तो तेथे असूनही सलग ३० रात्री न दिसण्याची संभाव्यता सु. ०·२१ राहते; ६० रात्रींनंतर ती ०·०५ च्या खाली येते. बॉक्साइटाचे साठे असलेल्या या सड्यांवर खाणीपूर्वी घाईने केलेल्या पाहणीत ‘प्राणी आढळला नाही’ असा शेरा असेल, तर सापळे किती रात्री लावले होते हे प्रथम विचारले पाहिजे. शिवाय लाजवंती (लोरिस) व उडती खार हे वृक्षवासी प्राणी जमिनीजवळच्या सापळ्यात सहसा येतच नाहीत.

सापळा माणसांचीही छायाचित्रे घेतो. सरपणासाठी जाणाऱ्या स्त्रियांना त्याचा जाच होतो, हे कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाविषयी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. त्यामुळे पाणवठे व सरपणाच्या वाटा टाळणे आणि माणसांची छायाचित्रे नष्ट करणे इष्ट असते. खवल्यांसाठी चोरटी शिकार होत असल्याने खवल्या मांजराच्या छायाचित्राचे नेमके स्थळ अहवालात छापीत नाहीत.