नदीच्या जुन्या वाटा

पावसाची जोराची सर ओसरल्यावर उताराच्या पायथ्याशीं ओहोळानें पसरलेली वाळू तुम्हीं पाहिलीच असेल. वेगानें आलेलें पाणी सपाटीवर मंदावतें व वाहून आणलेली वाळू तेथेंच टाकतें. वाळूनें तळ उंचावला कीं तें बाजूस फुटून दुसरी वाट धरतें. असें वारंवार झालें म्हणजे उघडलेल्या पंख्याच्या आकाराचा थर तयार होतो.

हीच क्रिया ब्राझील देशांतील पान्तानाल नांवाच्या पाणथळ प्रदेशांत ताकुआरी नदीनें प्रचंड प्रमाणावर केली आहे. पूर्वेकडील पठारावरून उतरून पॅराग्वे नदीकडे जातांना तिनें रचलेला पंखा सुमारें ५०,००० चौरस किलोमीटर भूमि व्यापतो. परंतु त्याचा उतार इतका अल्प आहे कीं, तेथें उभ्या असलेल्या मनुष्यास चोहोंकडे गवत, पाणी व झाडें यांपलीकडे कांहीं दिसत नाहीं. मग हा पंखा ओळखावा कसा?

येथें उपग्रह साह्यास येतात. १९७२ सालीं अमेरिकेनें पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. तेव्हांपासून अशा उपग्रहांनीं पृथ्वीचीं चित्रें वारंवार घेतलीं आहेत. आपल्या डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण पाणी बहुतेक शोषून घेतें. हिरवीं पानें मात्र ते परत फेकतात. म्हणून त्या किरणांच्या चित्रांत पाणी काळें व वनस्पति उजळ दिसते. नदीनें सोडलेल्या पात्राच्या कांठचे वाळूचे बांध किंचित् उंच असतात. पुराचें पाणी त्यांवर सहसा चढत नाहीं, म्हणून तेथें झाडें वाढतात. लगतच्या सखल पट्ट्यांत पाणी सांचतें किंवा गवत माजतें. वरून पाहतां हे पट्टे पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरलेले दिसतात. सन २००० च्या फेब्रुवारींत एन्डेव्हर यानानें रडारच्या साह्यानें भूमीची उंची मोजली. तिचाही या कामीं उपयोग होतो.

तथापि केवळ चित्रावर विसंबून चालत नाहीं. दाट अरण्यांत रडार झाडांच्या शेंड्यांजवळची उंची सांगतें, त्यामुळें सपाट भूमीही उंचवट्यासारखी भासते. यास्तव शोधक प्रत्यक्ष जाऊन भोंक पाडतात, खालची वाळू व चिकणमाती तपासतात आणि वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हां पडला हें प्रयोगशाळेंत ठरवितात.

या खटाटोपाचें प्रयोजन काय? विसाव्या शतकाच्या अखेरीस ताकुआरीनें आपले कांठ फोडले. विस्तीर्ण कुरणें पाण्याखालीं गेलीं आणि कित्येक गुरेंपालकांस आपलीं ठाणीं सोडावीं लागलीं. १९७० नंतर वरच्या पठारावरील रान तोडून शेतें व कुरणें केल्यामुळें नदींत वाळू वाढली व अनर्थ लवकर ओढवला, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. परंतु नदीनें वाट बदलणें हें तेथें नवीन नव्हे, याची साक्ष त्या जुन्या पात्रांच्या रेषा देतात. अशा भूमीवर घर किंवा बांध बांधूं पाहणारानें नदी आज कोठें आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. ती पूर्वीं कोठें कोठें होती, हेंही विचारलें पाहिजे.