तिकीट काढलंत का? नाहीतर सिंह धरेल!

सेनेगलमध्ये डाकारच्या गल्लीत साबार ढोल घुमू लागले, की पोरं आधीच पळायच्या तयारीत उभी राहतात. तोंड रंगवलेला, आयाळीसारखे केस लावलेला, अंगावर कवड्या आणि ताईत मिरवणारा धिप्पाड माणूस डरकाळी फोडत गर्दीत घुसतो. हा खेळ म्हणजे ‘सिंब’. वोलोफ भाषेत सिंहाला ‘गाइंदे’ म्हणतात आणि हा त्याचा सोंगाड्या अवतार.

गंमत तिकिटाची आहे. ज्याच्याकडे तिकीट नाही, त्याला सिंह पकडून रिंगणात ओढतो. मग सगळ्यांसमोर नाचा, नाहीतर पैसे भरा! मला वाटतं, काही पोरं मुद्दामच तिकीट काढत नसावीत.

पण यामागची दंतकथा अंगावर काटा आणणारी आहे. एका शिकाऱ्यावर सिंहाने झडप घातली. तो वाचला, पण सिंह त्याच्या अंगात शिरला. अंगावर केस वाढले, शिजवलेलं अन्न नकोसं झालं, कच्चं मांस खाऊन तो डरकाळ्या फोडू लागला. शेवटी वैदूंनी विधी करून त्याला माणसांत आणलं. हा उपचारच पुढे करमणूक झाला, असं मानतात. म्हणूनच खेळाआधी मंत्र-ताईत आजही असतात.

सिंह खेळापुरताच नाही: देशाच्या राजचिन्हावरही तो आहे आणि फुटबॉल संघाला ‘तेरांगाचे सिंह’ म्हणतात. तेरांगा म्हणजे आतिथ्य. खरे सिंह मात्र आता मुख्यतः आग्नेयेकडच्या निओकोलो-कोबा राष्ट्रीय उद्यानातच उरलेत, तेही मोजकेच.