रोज एक मेणबत्ती जास्त

डिसेंबरात हॅम्बुर्गला दुपारी चारलाच अंधारून येतं. तिथे गरीब, निराधार मुलांचा आश्रम चालवणाऱ्या योहान विखर्न या धर्मगुरूंना पोरं रोज विचारायची, "नाताळ कधी?" १८३९ साली त्यांनी एक जुनं गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. आठवड्यातल्या दिवसांसाठी लहान लाल, रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या. रोज एक जास्त पेटायची. बाहेर रात्र लांबत चाललेली आणि आत उजेड वाढत चाललेला! ख्रिस्ती आशा इतक्या सोप्या रीतीने मला दुसऱ्या कशातूनच उमगली नाही.

नाताळआधीच्या आगमनकाळात लावतात ते आजचं चार मेणबत्त्यांचं आगमनचक्र त्यातूनच आलं. कॅथलिक चर्चमध्ये तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी पेटते आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, आनंदाचा रविवार म्हणून. यंदा नक्की बघा.