पिसांच्या उबेचा बंदोबस्त

1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच याने बलूनच्या कापडात पिसे भरून शिवलेला कोट वापरला, तो पिसांच्या उबेसाठीच. हंस-बदकांच्या अंगावरील ही मृदू लव, जिला ‘डाउन’ म्हणतात, स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. तिच्या सूक्ष्म तंतूंत अडकलेली निश्चल हवाच शरीराची ऊब राखते, आणि म्हणून तिचे फुगणे मंदावले की तिचे सामर्थ्यही क्षीण होते. हिमालयातून परतल्यावर पुष्कळ मंडळी डाउन भरलेली स्लीपिंग बॅग प्रवासाच्या चिमुकल्या पिशवीत कोंबलेलीच माळ्यावर ठेवतात. परंतु महिनोन्महिने दडपलेली पिसे पूर्ववत फुगत नाहीत, आणि आत घामाचा ओलावा राहिला असेल, तर आपल्या दमट पावसाळ्यात बुरशी व कुबट वास यांची आमदनी हमखास होते. यास्तव बॅग प्रथम सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवावी, नंतर प्रशस्त सुती पिशवीत सैल ठेवावी किंवा कपाटात टांगावी, आणि हवाबंद प्लॅस्टिकचा मोह कटाक्षाने टाळावा. पावसाळा सरताच ती पुन्हा वाऱ्यावर पसरावी. एवढी तजवीज ठेवल्यास उत्तम डाउन अनेक वर्षे इमाने-इतबारे चाकरी करते.