यॉर्कच्या वेशीबाहेरचा मुक्काम

मुलगा किंवा लेक विलायतेस स्थायिक झाली, कीं आज ना उद्यां घरच्या मंडळींस तिकडचें बोलावणें येतें. मग पहिला प्रश्न उभा राहतो तो उतरण्याचा व जेवणाखाण्याचा. प्रवासांत सातआठ माणसांच्या कुटुंबास हॉटेलांतील खोल्यांचें भाडें झेपत नाहीं, आणि तेथील अन्न वडीलधाऱ्यांस रुचत नाहीं; त्यामुळें ज्यांना जग दाखवावयाचें तींच माणसें मागें राहतात. या अडचणींतून एक सोपी वाट आहे. इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्क नांवाचें पुराणप्रसिद्ध शहर आहे. त्याच्याजवळ चार दिवस तळ देऊन आम्हीं ती वाट पाहिली, म्हणून तिची हकीकत वाचकांस सांगत आहों.

आमचा मुक्काम एका शेतकऱ्याच्या कुरणांत होता. असे लहान तळ त्या देशांत पुष्कळ आहेत. १९६० च्या कायद्यानें मान्य झालेल्या प्रवासी-संघांनीं पसंत केलेल्या जागेवर, निराळ्या सरकारी परवान्यावांचून, एका वेळीं पांचपर्यंत कॅरॅव्हन, म्हणजे मोटारीमागें जोडावयाचीं फिरतीं घरें, ठेवतां येतात. मात्र तीं संघाच्या सभासदांचींच असावीं लागतात. कित्येक ठिकाणीं तंबूंनाहि जागा मिळते. सोयी बेताच्याच: पिण्याच्या पाण्याचा नळ, शौचपात्र रितें करण्याची ठराविक जागा आणि केराची पेटी. स्नानगृह असेलच असें नाहीं. तें आधीं विचारून घ्यावें. दोन बिऱ्हाडांमध्यें आगीच्या भयास्तव सुमारें वीस फूट अंतर राखावें लागतें.

स्वयंपाक आपला आपण करावयाचा, हा तर आम्हांस मोठाच लाभ वाटला. आमच्या थोरल्या काकू बाहेरच्या खाण्याच्या धास्तीनें यावयास राजी नव्हत्या. उघड्यावर गॅसच्या शेगडीवर वरणभात शिजूं लागला, तशा त्याच पुढें सरसावल्या. काकांची अडचण निराळी. जूनअखेर तेथें सूर्य रात्रीं साडेनऊनंतर मावळतो, आणि ते सायंसंध्येवांचून जेवावयाचे नाहींत. पहिल्या दिवशीं आठ वाजल्यापासून ते पश्चिमेकडे डोळे लावून बसले. दुसऱ्या दिवशीं मात्र त्यांनीं घड्याळ प्रमाण मानलें.

येथें एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. रात्रीं गारठा पडतो म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूंत कधींहि आणूं नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं कीं वास नाहीं. कोंडलेल्या जागेंत तो निजलेल्या माणसाचा प्राण घेतो. निखारे विझल्यासारखे दिसले, तरी भय टळत नाहीं.

शहर पाहण्याची रीतहि सोयीची आहे. मोटार शहराबाहेरच्या वाहनतळावर ठेवून बसनें आंत जातां येतें. हें शहर रोमन लोकांनीं इ. स. ७१ च्या सुमारास वसविलें. पुढें ३०६ सालीं कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून येथेंच पुकारण्यांत आलें. मिन्स्टर या प्रचंड चर्चचें बांधकाम १२२० पासून १४७२ पर्यंत चाललें. त्याची पूर्वेकडील भव्य चित्रखिडकी जॉन थॉर्नटन या कारागिरानें १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत सिद्ध केली.

परंतु आमचें मन गुंतलें तें तटांत. दोन मैलांहून किंचित लांब असलेल्या या मध्ययुगीन तटावरून आज कोणासहि विनामूल्य हिंडतां येतें. तो उभा आहे तो मात्र आपोआप नव्हे. १८०० सालीं खुद्द नगरसभेनेंच तो पाडण्याची खटपट केली होती. अशा बेतांस विरोध झाला. पुढें यॉर्कचेच सुपुत्र, चित्रकार विल्यम एटी, यांनीं तो वांचविण्यासाठीं लोकमत जागृत केलें. तरीहि हानि झालीच. वेशींपुढें आपल्या गडांवरील जिभीसारखीं तटबंद आवारें होतीं. त्यांतील आज केवळ वॉमगेट वेशीपुढचें शिल्लक आहे.

त्या तटावर बसतां आम्हांस वाटलें, कीं शहर काय आणि कुरण काय, दोन्हीं टिकलीं आहेत तीं मर्यादेनें. अडचण होते म्हणून जुनें सरसहा पाडूं नये, हें शहरानें वेळींच ओळखलें; आणि मागणी आहे म्हणून पांचांच्या जागीं पन्नास बिऱ्हाडें भरूं नयेत, हें कायद्यानें ठरविलें. अशा मर्यादेंत राहण्याची संवय एकत्र कुटुंबास नवी नाहीं. पाणी कोणीं आणावें, भांडीं कोणीं घासावीं, हें आमच्याकडे न सांगतां ठरलें.

तेव्हां ज्यांस तिकडे जाण्याचा योग येईल, त्यांनीं उन्हाळ्यापूर्वींच जागा ठरवावी, पावसाचीं व थंडीचीं वस्त्रें बरोबर घ्यावीं, आणि वडील माणसांस मागें ठेवूं नये. आमच्या काकूंनीं एकाहत्तराव्या वर्षीं तो तट काठी टेकीत, दोन दिवसांत कां होईना, पुरा चालून पाहिला.