गतिरोधकावर पोटात कळ आली?

समजा, रात्रीचे अकरा वाजलेत. तुम्ही येडगावला घरी आहात आणि उद्या पेपर आहे. संध्याकाळपासून बेंबीभोवती दुखतंय. नेमकं कुठे, ते बोट ठेवून सांगता येत नाही. जेवणावर वासना नाही, एक उलटीही झालीय. मग घरचे उपाय सुरू होतात. आजी म्हणते, वाटी सरकली असेल, सकाळी चोळून घे. आई ओवा देते. भाऊ म्हणतो, गॅस झालाय. मुलगी असाल तर ‘पाळीचं असेल’ म्हटलं की विषयच संपतो. आणि तुम्ही? पेनकिलर घेऊन आडवे होता.

दोन वाजता जाग येते. दुखणं आता उजवीकडे, खाली सरकलंय. जागा बोटाने दाखवता येते.

हे सरकणं लक्षात ठेवा. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, बोटाएवढी नळी. (‘अपेंडिक्स झालंय’ असं आपण म्हणतो खरं, पण ते आधीपासूनच असतं, होते ती त्याची सूज.) तिचं तोंड बंद झालं की ती सुजते. सुरुवातीला आतल्या नसा मेंदूला नीट पत्ता देत नाहीत, म्हणून बेंबीपाशी दुखल्यासारखं वाटतं. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की खरी जागा कळते. हे जास्त होतं ते 10 ते 30 या वयात. म्हणजे आपल्याच.

मुतखड्याचा माणूस तळमळतो, कूस बदलत राहतो. अपेंडिक्सचा निपचित पडून राहतो, कारण हलला की दुखतं. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी यावरून एक गंमतशीर प्रश्न रुग्णांना विचारला: दवाखान्यात येताना गतिरोधकावर दुखलं का? अपेंडिक्स नक्की झालेल्या 34 पैकी 33 जण ‘हो’ म्हणाले. 2012 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ते छापून आलं. इतर काही दुखण्यांतही ‘हो’ येतं, तेव्हा एवढ्यावरून निदान ठरवू नका. पण नारायणगावच्या रस्त्याला लागल्यावर प्रत्येक दणक्याला ‘अरे, हळू घे ना’ म्हणायची वेळ आली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सगळ्यात फसवा क्षण पुढेच असतो. खूप दुखत असताना अचानक बरं वाटतं. घरचे म्हणतात, उतरलं बाई एकदाचं! कधीकधी त्याचा अर्थ असतो, अपेंडिक्स फुटलं. आतला ताण गेला म्हणून थोडा वेळ आराम. मग पू पोटात पसरतो, ताप चढतो आणि जिवावर बेतू शकतं. पोट चोळणं, एरंडेल पिणं, गरम पिशवीने शेकणं नको, ते यासाठीच. गोळीने ठणका बसतो, सूज तशीच राहते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. बीजकोशाला पीळ पडला तरी असंच खालच्या बाजूला दुखतं, आणि तिथेही तासांचा हिशोब असतो. नेहमीच्या पाळीसारखं दुखत नसेल तर तसं स्पष्ट बोला. लाजायचं काय त्यात?

तेव्हा पहाटेची वाट नको. घरच्यांना उठवा, 108 ला फोन करा. पेपर पुन्हा देता येतो. ऑपरेशन आता बऱ्याचदा तीन छोट्या छिद्रांतून होतं. भूल द्यायची असल्याने निघाल्यापासून काही खाऊ-पिऊ नका. डॉक्टर विचारतील, शेवटचं कधी आणि काय खाल्लं? खरं सांगा. घरच्यांच्या नकळत स्टँडवर खाल्लेली भेळसुद्धा.